स्केटबोर्डिंगच्या संस्कृतीतून चित्रकाराने नेमके काय घ्यावे?

रेघोटी (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढते. गेल्या वर्षापासून माझा भाचा स्केटबोर्ड शिकतो आहे. त्याला सोडायला-आणायला जाताना मी वहीत त्याची आणि त्याच्या मित्रांची रेखाटने करू लागले. एक अख्खी वही भरल्यावर लक्षात आले, की माझ्या चित्रांतली मुले हवेत उडी घेतलेली वाटतच नाहीत, फळीवर आणून ठेवलेल्या पुतळ्यांसारखी दिसतात. दुसरी अडचण मला अधिक सतावते. या खेळाची चित्रभाषा कॅलिफोर्नियात घडली. तिथल्या कवट्या आणि ज्वाळा मी पुण्यात बसून काढल्या, तर ती उसनवारी होईल असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातथरी

आपल्या पहिल्या अडचणीचे कारण बहुधा गुडघ्यांत आहे. ऑली या उडीत मागचा पाय फळीची शेपटी जमिनीवर आपटतो, आणि पुढचा पाय फळीवरून वर घासत जाऊन तिला हवेत आडवी करतो. उडीच्या सर्वोच्च बिंदूला खेळाडूचे गुडघे छातीजवळ आलेले असतात. नवखा चित्रकार नेमक्या त्याच क्षणी पाय ताठ काढतो, कारण उंच उडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ताणलेले शरीर येते. मी नऊ वर्षे खेळतो आहे आणि माझ्या प्रत्येक जोडातला पुढच्या पायाचा बूट करंगळीपाशी आधी फाटतो, कारण फळीवरचा खरखरीत कागद तिथेच घासतो. भाच्याचे बूट एकदा हातात घेऊन पाहा आणि फक्त त्यांचीच चार-पाच रेखाटने करा. वजन कुठे पडते हे आपल्याला त्यातून कळेल.

जुना_छपाईवाला

मी आयुष्यभर स्क्रीन प्रिंटिंग केले, म्हणून त्या बाजूने लिहितो. चित्रकार जिम फिलिप्स यांनी सांताक्रूझ या अमेरिकन स्केटबोर्ड कंपनीसाठी 1985 साली काढलेला किंचाळणारा निळा हात आपण पाहिलाच असेल. त्याची जाड बाह्यरेषा आणि सपाट रंग ही केवळ आवडीची बाब नव्हती. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागत असे, त्यामुळे चित्रकाराला मोजक्या रंगांत विचार करावा लागे. त्यातच फळीवरच्या चित्राची जागा म्हणजे तिची खालची बाजू, आजच्या मापाने सुमारे 8 इंच रुंद आणि 31-32 इंच लांब अशी पट्टी. त्या उभ्या पट्टीत आकृती बसवण्याचा सराव कोणत्याही चित्रकाराचा हात तयार करील.

त्याहून मोठी गोष्ट मला अशी वाटते, की हे चित्र झिजण्यासाठीच काढलेले असते. फळी कठड्यावरून घसरत नेली, की मधला रंग निघतो आणि खालचे मेपलचे लाकूड उघडे पडते. आपण चित्रकार कागदाला सुरकुती पडली तरी हळहळतो. आपले चित्र कोणीतरी वापरून वापरून पुसून टाकणार आहे, हे मनापासून स्वीकारून काढलेल्या रेषेत मला वेगळाच मोकळेपणा दिसतो. एड टेम्पलटन यांच्यासारखे चित्रकार तर स्वतः व्यावसायिक खेळाडू होते, त्यामुळे आपले चित्र कसे खरवडले जाते हे त्यांनी पायाखालीच अनुभवले होते.

मुठाकाठ

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, मात्र उसनवारीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. 1976-77 च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले अनेक पोहण्याचे हौद कोरडे पडले आणि मुलांनी त्यांच्या गोलाईदार भिंतींवर फळ्या चालवल्या. त्यांच्याकडून घेण्यासारखी असेल तर ही नजर, कवट्या नव्हेत. आपल्याकडे हौद नाहीत, पण कट्टे आहेत. गप्पांसाठी बांधलेल्या कट्ट्याकडे ही मुले फक्त त्याच्या कडेसाठी पाहतात. फळीखालचे धातूचे ट्रक (चाके ज्यांना जोडलेली असतात ते आडवे भाग) त्या कडेवरून सहज सरकावेत म्हणून ते तिच्यावर मेणबत्ती घासतात, आणि काही दिवसांत तिथे काळपट, तुकतुकीत पट्टा तयार होतो. कट्ट्यावर बसणाऱ्यांना तो डाग वाटतो, आणि त्यांची तक्रारही रास्त आहे, कारण कडेचे टवके उडतात. आपण मात्र तो पट्टा काढावा. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ, नदीघाटाच्या पायऱ्या, सोसायटीचा उतार, हे सगळे चाकांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून अक्षरशः दोन इंचांवरून पाहून काढले, तर ते चित्र पुण्याचेच होईल.

रेघोटी

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याचा डावा बूट मागून घेतला. करंगळीपाशी त्याने दोनदा गोंद लावला होता, आणि त्या गोंदाच्या कडाही घासून पांढऱ्या झाल्या होत्या. त्याची सहा रेखाटने केली. नंतर आमच्या सोसायटीच्या कट्ट्यासमोर जमिनीवर बसून कडेवरचा तो काळा पट्टा पेन्सिलीने काढला. कड जिथे तुटली आहे, तिथे आतली वाळू दिसते. आता 8 बाय 32 इंचांच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. पहिल्या पट्टीवर माणूस काढणार नाही, फक्त कट्टा आणि बूट.