१० मीटर एअर रायफल: मुलीची पहिली खरेदी, बजेट ६० हजार (डिचोली)

डिचोलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं ऑलिंपिक पदक आम्ही घरात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, आणि त्याच दिवाळीच्या सुट्टीत तिने क्लबात नाव घातलं. आवड टिकली आहे. क्लबात रायफली दोन आणि मुलं नऊ. तिची पाळी आली की वीसेक शॉट होतात, मग उठायचं. सर म्हणाले, आता स्वतःचं सामान बघा.

बजेट ६० हजार, सगळं मिळून. त्यावर रुपया नाही, यंदा कौलं परतायची आहेत. घरात वसरीपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत साडेअकरा मीटर मोजून मिळतात, म्हणजे सराव घरीही करता येईल.

मोठा प्रश्न हवेचा. पीसीपी, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीच्या सिलिंडरमध्ये हवा भरावी लागते, ती डिचोलीत कुठे भरायची? आणि पावसाळ्यात काय करायचं? अनुभवी लोकांनी सांगावं.

फोंड्याचा_बाबा
ताई, गेल्या वर्षी मुलाला वाल्थरची एलजी४०० घेतली. मला २ लाख ६० हजार पडले आणि एकाही रुपयाचं वाईट वाटलेलं नाही. ट्रिगर असा की बोट नुसतं टेकलं की सुटतो. मुलाचे गुण ५८५ वरून ६०४.३ वर आले, तेही आठ महिन्यांत. ६० हजारात जे येईल ते दोन वर्षांत विकावं लागेल, म्हणजे पैसे दोनदा जाणार. सोसायटीतून कर्ज काढा, पण जर्मनच घ्या.

कोंब_मडगाव
बजेट ६० म्हटलंय, वाचा तरी.

ताई, आधी जॅकेट. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि साधारण पाच किलोची रायफल उभ्याने धरून ६० शॉट मारायचे तर कंबर आणि पाठ जॅकेटच सांभाळतं. माझी मुलगी पहिली दोन वर्षं क्लबच्याच रायफलीवर खेळली. जॅकेट, बूट आणि हातमोजा मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचे.

पण गोव्यात जॅकेट जपणं हे वेगळंच काम आहे. आमचं पहिलं जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं. जूनमध्ये कपाटात ठेवलं, चवथीला बाहेर काढलं तर कॉलरपासून काखेपर्यंत हिरवी बुरशी. पुसलं, सावलीत वाळवलं, पण त्याचा ताठपणा गेला तो गेलाच. २४ हजार होते. आता ते खोलीत हँगरला उघडं लटकवतो, पंख्याखाली. पिशवीत कधीही बंद करू नका.

बागा_पाणबुड्या
हवेचं मी सांगतो, डायव्हिंगच्या धंद्यातच आहे. आमच्याकडे स्कूबाची टाकी २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरून मिळते. तुमच्या रायफलीचं सिलिंडरही २०० बारचंच असतं, त्यामुळे मधला अडॅप्टर मिळाला की काम झालं. आमची हवा श्वास घ्यायची असते, म्हणून गाळून आणि कोरडी करून भरतात. हातपंपाने भराल तर गोव्याची दमट हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. आतल्या पाण्याने गंज धरतो आणि दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर खराब होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टाकीतला दाब उतरत जातो तशी रायफलीची भरणीही अपुरी होत जाते. आणि जून ते सप्टेंबर समुद्र बंद, डायव्हिंग बंद, बहुतेक ठिकाणचे कॉम्प्रेसरही बंद. त्या चार महिन्यांची सोय आधी लावा.

मालवणी_नेमबाज
पाणबुड्या साहेबांशी सहमत. मालवणातही हीच रड आहे.

जुनी पीसीपी घेणार असाल तर माझं ऐका. २०२१ मध्ये एका ओळखीच्याकडून वापरलेली जर्मन रायफल घेतली, ९५ हजारांना. गन एकदम स्वच्छ. स्पर्धेला गेलो तर तपासणीत सिलिंडरवरची तारीख बघितली आणि बाजूला काढलं. हवेच्या सिलिंडरला बनवल्यापासून साधारण १० वर्षांची मुदत असते, तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, आणि मुदतीत आहे की नाही हे बघणं नियमाने खेळाडूचीच जबाबदारी. विकणारा बोलला नाही, मी विचारलं नाही. नवीन सिलिंडर मागवेपर्यंत सहा महिने गेले, तो अख्खा मोसम वाया. अजून राग जात नाही.

फोंड्याचा_बाबा
म्हणून तर म्हणतो नवीन घ्या. नवीन सिलिंडर १० वर्षं बघायला लागत नाही.

पेडण्याचो_पात्राव
एवढा खर्च कशाला? सुरुवात ओपन साइटने, म्हणजे साध्या उघड्या खाचेतून नेम धरून करा. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गट असतो. देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल घ्या, हवा नको, टाकी नको. मी १९९८ मध्ये तशीच शिकलो. नेम आधी डोळ्यात बसला पाहिजे, सामानात नव्हे.

कोंब_मडगाव
ओपन साइटची सवय लागली की पीप साइटला परत शून्यापासून शिकावं लागतं. पीपमध्ये मागच्या बारीक भोकातून पुढचं वर्तुळ आणि त्यात काळं वर्तुळ बघायचं, डोळ्याला सगळंच वेगळं. मुलगी क्लबात पीपवर शिकते आहे, तर मागे कशाला न्यायची?

पेडण्याचो_पात्राव
मागे नाही हो, पाया पक्का करायचा. आमच्या वेळी मावळंकर स्पर्धेला निम्मी पोरं ओपन साइटवाली असायची.

मालवणी_नेमबाज
अवांतर: ज्यांच्या नावाने ती स्पर्धा आहे ते गणेश वासुदेव मावळंकर, पहिल्या लोकसभेचे सभापती. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती त्यांनी. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. आपल्या लोकांना हे ठाऊक असायला हवं.

साखळी_दादा
एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो: आधी जॅकेट घ्या, रायफल नंतर. वाढत्या वयाची मुलगी आहे, तेव्हा थोडं मोठं घ्या, तीन वर्षं चालेल.

दहा_पॉइंट_नऊ
मोठं जॅकेट अजिबात घेऊ नका! सैल जॅकेट अंगाला धरत नाही, खांद्यात दुमडतं, आणि बट (रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग) रोज वेगळ्या जागी बसतो. मी ११ वर्षं खेळले, आता लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली तपासणी फुकटची आहे. मुलीला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटं भोक करायला सांगा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघू दे. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तिचा मुख्य डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर काहीही विकत घेण्याआधी सरांशी बोला. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला घरच्यांनी महागडी उजवी रायफल घेतली होती आणि त्याचा डोळा डावा निघाला. तो मुलगा रडायचा, आणि त्याची चूक काहीच नव्हती.

दुसरं, वजन आणि लांबी. ब्रँड मागाहून. १३ वर्षांची मुलगी रायफल खांद्याला लावते तेव्हा बट लांब असेल तर ती मागे वाकून तोल सांभाळते, आणि तो बाक पाठीत कायमचा बसतो. गालाचा आधार आणि बटप्लेट तिच्या मापावर येतात का, तेवढं बघा. पहिल्या दोन वर्षांत ट्रिगरपेक्षा हे महत्त्वाचं.

तिसरं, नेमाच्या कार्डावरचा १० म्हणजे मधला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. दुसरं कुठलंही सामान तो आणून देत नाही, रोज घरी छर्रा न घालता केलेला ट्रिगरचा सराव देतो. रोज २० मिनिटं. खर्च शून्य.

फोंड्याचा_बाबा
मान्य, पण ट्रिगर चांगला असेल तरच तो सराव कामाचा.

डिचोलीची_आई
देव बरें करूं, सगळ्यांना. डोळा तपासला, उजवाच आहे. जीव भांड्यात पडला.

आता एक नवीनच गोष्ट समोर आली आहे. सावंतवाडीला यजमानांच्या ओळखीचे एक काका आहेत, जुने नेमबाज. त्यांच्याकडे फाइनवेर्कबाऊची ३००एस आहे, स्प्रिंगची, दर शॉटला बाजूचा खटका (दांडा, ट्रिगर नव्हे) ओढायची. हवा लागत नाही, सिलिंडर नाही. स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी तिथल्याच सुताराकडून बट तीन सेंटिमीटर कापून घेतला होता. ३८ हजार म्हणतात. पीप साइट सोबत. रविवारी बघायला जातोय. तुम्हाला काय वाटतं?

कोंब_मडगाव
नका घेऊ. जॅकेट घ्या. परत सांगतो.

मालवणी_नेमबाज
३००एस उत्तम होती, वाद नाही. शॉट सुटला की आतली नळी आणि यंत्रणा रुळावर मागे सरकते, त्यामुळे खांद्याला धक्का जवळजवळ जाणवत नाही. पण कंपनीने ती बनवणं केव्हाच थांबवलं. स्प्रिंग बसली, सील गेलं तर सुटे भाग कुठून आणाल? त्यातही जुनी गन घेऊन मी फसलोय, म्हणून नकोच म्हणेन.

पेडण्याचो_पात्राव
३८ हजारात जुनं लोखंड! एवढ्यात देशी स्प्रिंगची नवी कोरी घेऊन वर छर्रे येतील.

साखळी_दादा
जुन्या गनेचे भाग मिळत नाहीत ताई. विचार करा.

दहा_पॉइंट_नऊ
मीही नाहीच म्हणेन, पण कारण वेगळं. तो खटका ओढायला ताकद लागते. ६० शॉट म्हणजे ६० वेळा रायफल खाली घ्यायची, ओढायचं, परत तीच जागा शोधायची. तिचा उजवा खांदा दमेल. जाणारच असाल तर तिला तिथे सलग ४० वेळा ओढायला लावा आणि शेवटच्या दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे छर्रे किती जवळजवळ लागले ते बघा.

डिचोलीची_आई
घेतली.

सांगते कसं झालं ते. ताईंनी सांगितलं तसंच केलं. काकांच्या मागच्या अंगणात दहा मीटर मोजून कार्ड लावलं. तिने ४० वेळा खटका ओढला, तीसच्या पुढे दमली, मी बघत होते. पण शेवटच्या दहा शॉटमध्ये नऊ एकाच ठिकाणी, पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे. क्लबच्या रायफलीवर तिचा असा ग्रुप कधी आला नव्हता. कापलेला बट तिला मापाने शिवल्यासारखा बसला, पाठ सरळ राहिली. काकांनी स्प्रिंग चार वर्षांपूर्वी बदललेली आहे, एक नवी स्प्रिंग आणि सीलचा संच सोबत दिला, आणि कशी उघडायची ते यजमानांना दोन तास बसून शिकवलं.

जॅकेट आत्ता घेत नाही. कोंब_मडगाव दादा, राग मानू नका. गेल्या सहा महिन्यांत ती दोन इंच वाढली. मापाने शिवलेलं पुढच्या वर्षी आखूड होणार आणि सैल घेऊ नका असं ताई म्हणतात. क्लबचं जुनं वापरेल. उरलेल्या २२ हजारांत बूट, हातमोजा आणि छर्रे.

माझं कारण एकच आहे. जून ते सप्टेंबर रस्त्याला पाणी, वीज जाते, रेंजवर पोचणं तसंही कठीण. त्या चार महिन्यांत ती वसरीत उभी राहून रोज शॉट मारू शकेल, कोणाच्या कॉम्प्रेसरवर अवलंबून न राहता. तीन वर्षांनी सुटे भाग मिळाले नाहीत तर तेव्हाचं तेव्हा बघू. तेरा ते सोळा ही वर्षं परत येत नाहीत.

आता दोन प्रश्न. छर्रे ४.४९ मिलिमीटरचे घ्यायचे की ४.५० चे? आणि न्हाणीची भिंत चिऱ्याची आहे, तिच्यावर थेट कार्ड लावू का?

फोंड्याचा_बाबा
अभिनंदन. छर्रे आरडब्ल्यूएसचे आर१० च घ्या, आम्ही दुसरे वापरतच नाही.

दहा_पॉइंट_नऊ
नऊ शॉट नाण्याखाली असतील तर माझं म्हणणं मागे घेते. खांद्यासाठी मात्र दर दहा शॉटनंतर दोन मिनिटं बसवा.

दोन्ही मापांचा एकेक डबा आणा. रायफल टेबलावर उशीत टेकवून प्रत्येकी दहा शॉट मारा, ज्याचा ग्रुप लहान तो तिचा छर्रा. दुसऱ्याची रायफल कुठले खाते याला अर्थ नाही.

चिऱ्यावर थेट अजिबात नको. चिरा भुगा होऊन पडेल आणि कठीण जागी लागलेला छर्रा उलटा येतो. लोहाराकडून मागे तिरपा पत्रा असलेली लोखंडी पेटी करून घ्या, छर्रे खाली पेटीत पडले पाहिजेत. कार्डाचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर. न्हाणीच्या दाराला सरावाच्या वेळी आतून-बाहेरून कडी. आणि शिसं आहे, सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय तिला खायला देऊ नका.

कोंब_मडगाव
राग नाही. आमच्या मुलीचा जुना हातमोजा आहे, लहान मापाचा, बुरशी न लागलेला. हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी शुक्रवारी डिचोलीला येतोच आहे.