पहिलीच जुनी मोटारसायकल: आधी दुरुस्ती करावी की रूप बदलावे?

नवखा_स्वार

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी १९७२ सालची होंडा सीबी ३५० घेतली. जुनी गाडी सांभाळण्याची माझी ही पहिलीच वेळ असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते, मंद गतीवर बऱ्यापैकी स्थिर राहते, परंतु थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की गुदमरल्यासारखी अडखळते आणि मग एकदम झटका देऊन पुढे जाते. आधीच्या मालकाने एअर फिल्टरचे मूळ डबे काढून त्यांच्या जागी शंकूच्या आकाराचे सुटे फिल्टर बसवले आहेत. कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, एक क्रमांक मोठा घालून पाहिला. प्लग काजळले, अडखळणे मात्र तसेच राहिले.

याशिवाय रूपात थोडे बदल करायचे मनात आहे: खालचे हँडल, आखूड सीट आणि त्यासाठी चासीचा मागचा भाग कापणे, सायलेन्सरच्या नळ्यांना उष्णतारोधक पट्टी आणि एलईडी इंडिकेटर. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, त्यामुळे तो खर्च तूर्त टाळता येईल असे वाटते. कोणते काम आधी करावे आणि कोणते करूच नये, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टॅपेटवाला

जेट बदलणे थांबवा. आपल्या गाडीचे कार्ब्युरेटर साध्या स्लाइडचे (हवेचा मार्ग कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या भागाचे) नाहीत. त्यांत थ्रॉटलची वायर फक्त एक पाकळी उघडते. वरची स्लाइड वायरने नव्हे, तर इंजिनाच्या ओढीमुळे रबरी पडद्याच्या दोन बाजूंना हवेच्या दाबात जो फरक पडतो त्यामुळे उचलली जाते. पडद्याखालच्या कप्प्याला लागणारी हवा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून येते. मूळ डब्यात ही हवा शांत असते. सुट्या फिल्टरमध्ये ती घुसळलेली असते, आणि पुष्कळदा फिल्टरच्या रबराची आतली कड त्या छिद्रावरच येते. मग स्लाइड अर्ध्यावर थबकते, मागाहून एकदम वर जाते आणि आपण वर्णन केलेला झटका बसतो. मोठ्या जेटने हे सुटत नाही, कारण उणीव पेट्रोलची नाही.

मूळ डबे मिळवा आणि जेट मूळ क्रमांकाचे घाला. त्यासोबत दोन्ही कार्ब्युरेटरची वरची झाकणे काढून पडदे उजेडासमोर धरा व घडीच्या जागी हलके ताणून पाहा. पन्नास वर्षांचे रबर तिथेच चिरते, आणि सुईच्या टोकाएवढे छिद्रही स्लाइडला वर येऊ देत नाही. पडद्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा चुकूनही मारू नका. रबर फुगते आणि पुन्हा खाचेत बसत नाही. मी पहिल्या गाडीच्या वेळी ही चूक केली होती व फुगलेला पडदा झाकणाखाली कोंबण्यात एक संपूर्ण संध्याकाळ घालवली होती.

कोरडा_क्लच

वरील निदान मला पटते, परंतु क्रम थोडा बदलावा असे सुचवतो. कार्ब्युरेटरच्या माथी मारले जाणारे बरेचसे दोष प्रत्यक्षात पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) आणि टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचे) असतात, म्हणून ती दोन कामे आधी उरकावीत. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर, टॅपेटची फट इनलेटला ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१० मिमी ठेवावी. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट आहेत. दोन्हींची फट ०.३ ते ०.४ मिमीच्या दरम्यान असावी आणि त्यांचे तोंड तेलकट नसावे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, त्यानंतरच तपासावे, कारण पॉइंटची फट हलली की टायमिंगही हलते.

ऑइलबाबत एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. या इंजिनात कागदी फिल्टर नाही. गाळ फिरत्या भांड्याच्या कडेला जाऊन चिकटतो. ऑइल अनेकदा बदलले गेले असले तरी ते भांडे कुणी उघडलेच नसण्याची शक्यता असते. उजव्या बाजूच्या लहान गोल झाकणामागे ते आहे. आत ग्रीससारखा काळा थर सापडला तर दचकू नका, रॉकेलने धुऊन स्वच्छ पुसून घ्या. क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने जेएएसओ एमए (ऑइलमधल्या क्लचसाठीचे जपानी मानक) दर्जाचे मोटारसायकलचे ऑइलच घालावे. कारचे घर्षण कमी करणारे ऑइल घातल्यास क्लच घसरू लागतो.

आणि हे सर्व उघडण्यापूर्वी योग्य पेचकस घ्या. इंजिनावरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसत असले तरी जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस आहेत. साधा फिलिप्स त्यांच्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही, जोर लावताच वर उसळतो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. घट्ट बसलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. परत बसवताना हात हलका ठेवा, कारण ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की काम चौपट वाढते.

गॅरेजातला_आजोबा

मी फक्त बदलांविषयी लिहितो. माझा निकष असा आहे की जो बदल एका दुपारी पाने घेऊन उलटवता येतो तो खुशाल करावा, आणि ज्याला करवत लागते तो पहिले वर्षभर तरी करू नये. चासीची मागची कमान नुसती शोभेची नाही. सीट, मडगार्ड, मागचा दिवा आणि वायरिंग या सर्वांचा आधार तीच आहे. आखूड सीटच हवी असेल तर मूळ जागांवर बसणारी वेगळी सीट करून घ्या आणि जुनी सीट कोरड्या जागी जपून ठेवा.

खालचे हँडल चांगले दिसते, पण वायरी मूळ लांबीच्याच राहिल्या तर त्यांचे वेटोळे हेडलाइटपुढे येतात. हँडल बदलल्यावर इंजिन मंद गतीवर ठेवून ते दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज जरासा जरी चढला, तरी थ्रॉटलची वायर ताणली जात आहे असे समजा आणि तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. सायलेन्सरची पट्टी मला मुळीच मान्य नाही. तिच्याखाली ओल धरून राहते आणि नळी पट्टीखाली गंजत असताना बाहेरून काहीच दिसत नाही. एलईडी इंडिकेटर मात्र अवश्य लावा, त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. जुना फ्लॅशर बल्बच्या विद्युतप्रवाहाने तापून चालतो, एलईडीचा प्रवाह त्याला पुरत नाही आणि दिवे मिचकण्याऐवजी नुसते जळत राहतात.

टायरच्या बाबतीत नक्षीवर विसंबू नका, वय पाहा. बाजूच्या भिंतीवर चार अंक शोधा. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पुढच्या ड्रमचे ब्रेक शूजही पाहून घ्या. जुन्या शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

नवखा_स्वार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. टायरवर २३०९ असा आकडा निघाला, म्हणजे २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्याचे टायर मी कौतुकाने मिरवत होतो, दोन्ही बदलले. पॉइंट आणि टॅपेट लावल्यावर गाडी पहिल्याच किकला उठू लागली, अडखळणे मात्र तिळमात्र कमी झाले नाही. उजव्या कार्ब्युरेटरच्या पडद्याला घडीत नखाएवढी चीर होती. एअर फिल्टरचे मूळ डबे गाडीसोबत आलेल्या सुट्या भागांच्या पोत्यातच सापडले. नवा पडदा, मूळ डबे आणि मूळ जेट घालून काल फेरी मारली आणि अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे गाडी प्रथमच एकसलग ओढली. चासी कापण्याचा बेत रद्द केला आहे. एकच शंका उरली आहे: डावा प्लग विटकरी दिसतो, उजवा अजूनही किंचित काळा आहे.

टॅपेटवाला

उजव्या बाजूला आधीची काजळी उरलेली असू शकते, म्हणून प्रथम दोन्ही प्लग नवे घालून पुन्हा पाहा. त्यानंतरही फरक राहिला तर दोन्ही कार्ब्युरेटर बरोबरीने उघडतात का ते तपासा. दोघांना स्वतंत्र वायर असल्यामुळे एक थोडा आधी उघडत असतो. इंजिन बंद ठेवून दोन्ही बाजूंच्या थ्रॉटलच्या पट्ट्यांवर एकेक बोट टेकवा आणि दुसऱ्या कुणाला मूठ अगदी सावकाश फिरवायला सांगा. दोन्ही पट्ट्या आपल्या टेकणाच्या स्क्रूवरून एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत. बोटांना तो फरक डोळ्यांपेक्षा लवकर कळतो. जी मागे राहते तिच्या वायरचा ढिलेपणा कमी करा आणि मग पुन्हा प्लग पाहा.