‘ब्लिंक’मधली खरी फट कोणती?

मामा: कालप्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’वरच्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा ९ जून २००७ रोजी प्रथम प्रसारित झालेला ‘ब्लिंक’ हा भाग काल आपण सर्वांनी पुन्हा पाहिला, आणि सकाळपासून ग्रुपवर त्यातल्या चुकांची यादी वाढतच चालली आहे. माझे मत असे की, यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टींना प्लॉट होल, म्हणजे कथानकातली फट, म्हणता येणार नाही. भागाची नायिका सॅली हिने भररात्री एकटीने त्या ओसाड घरात शिरणे हा अविचार आहे. परंतु अविचारी माणसे जगात असतातच. कथेने स्वतः घालून दिलेला नियम कथेनेच मोडला, तरच ती फट.

भाची: मामा, मग त्या संवादाचे काय? दगडी पुतळ्यांसारख्या दिसणाऱ्या देवदूतांनी भूतकाळात फेकल्यामुळे १९६९ मध्ये अडकलेला डॉक्टर १७ डीव्हीडींमध्ये दडवलेल्या चित्रफितीतून सॅलीच्या प्रश्नांना नेमकी उत्तरे देतो. त्याची वाक्ये सॅलीचा साथीदार लॅरी याने आधीच उतरवून ठेवलेली असतात, त्यांच्या शेजारी तो सॅलीची वाक्ये लिहून घेतो, आणि तोच कागद सॅली वर्षभराने डॉक्टरच्या हाती देते. मग डॉक्टरची उत्तरे मुळात रचली कोणी?

मामा: कोणीच नाही, आणि गंमत तिथेच आहे. कालप्रवासामुळे एखादी गोष्ट स्वतःच स्वतःचे कारण ठरते, या प्रकाराला ‘बूटस्ट्रॅप पॅरडॉक्स’ म्हणतात. वर्तुळाला सुरुवात नसते म्हणून ते तुटलेले ठरत नाही. यातली एकही घटना दुसऱ्या घटनेला खोटे पाडत नाही. देवदूतांनी १९६९ मध्ये फेकलेला पोलीस अधिकारी बिली सॅलीला निरोप देण्यासाठी म्हातारा होईपर्यंत थांबतो, ती ३८ वर्षांची प्रतीक्षाही त्याच वर्तुळात चपखल बसते (आणि तो रुग्णालयातला प्रसंग मला आजही शांतपणे पाहवत नाही, हे जाता जाता कबूल करतो).

मामी: तुमची कसोटी मान्य करूनच मी माझा आक्षेप मांडते. कोणी पाहत असेल तर ते देवदूत दगड होतात, हा नियम. तळघरात त्यांच्यातला एक जण दिव्याकडे बोट रोखतो, दिवा फडफडू लागतो आणि अंधाराच्या प्रत्येक क्षणात ते पुढे सरकतात. म्हणजेच अंधारात कोणाची नजर चालत नाही, हेही भागानेच दाखवले. पुढच्याच मिनिटाला डॉक्टरचे कालयान असलेली, देवदूतांनी वेढलेली निळी पेटी नाहीशी होते, चौघे देवदूत एकमेकांसमोर थिजतात आणि आता ते कधीच हलणार नाहीत, असे आपल्याला सांगितले जाते. तो दिवा कायमचा विझला की काय होईल?

मामा: हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. बचाव एवढाच करता येईल की, ‘कधीच हलणार नाहीत’ हे वाक्य सॅलीच्या तोंडी आहे, डॉक्टरच्या नव्हे. तिचा अंदाज चुकला असू शकतो.

मामी: हा बचाव वकिलाचा झाला. शेवट सुखाचा वाटावा म्हणून प्रेक्षकाने त्या वाक्यावर विश्वास ठेवावा, हीच मांडणी आहे.

दादा: मला याहून मोठी विसंगती २०१० च्या ‘फ्लेश अँड स्टोन’ या भागात दिसते. ‘ब्लिंक’मध्ये डॉक्टर बजावतो की, दगड होणे ही देवदूतांची निवड नसून त्यांच्या शरीराचा धर्मच आहे. ‘फ्लेश अँड स्टोन’मध्ये मात्र डॉक्टरची सहप्रवासी एमी डोळे मिटून, दिसत असल्याचा आव आणत त्यांच्यामधून चालत जाते आणि तिला दिसते आहे असे समजून ते थिजून राहतात. शरीरधर्माला फसवणार कसे? दोन्ही भाग स्टीव्हन मॉफट यांनीच लिहिलेले असल्यामुळे दुसऱ्या लेखकाला जुना नियम ठाऊक नव्हता, ही सबबही चालत नाही.

मामा: दादाचे म्हणणे बिनतोड आहे, पण तो दोष नंतरच्या भागाचा, त्याचे खापर ‘ब्लिंक’वर फोडू नये.

भाची: मामी, तळघराबाबत माझी एक सूचना आहे. नियम ‘कोणत्याही सजीवाने पाहिले तर’ असा आहे. इतक्या वर्षांच्या बंद घरात एखादा तरी कोळी असणारच, आणि त्याला आठ डोळे असतात.

मामी: असू देत. दिवा गेल्यावर त्या आठही डोळ्यांना काय दिसणार?