मदत हवी: रोलँड एसएच-१०१ वरच्या सप्तकात उतरतो. आतला जुळवणीचा ट्रिमर फिरवू की चिप बदलू?

मंडळी, माझ्याकडे रोलँडचा एसएच-१०१ सिंथेसायझर आहे, १९८२ साली बाजारात आलेलं मॉडेल. काका सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांच्याकडून तो माझ्याकडे आला. सगळ्या पट्ट्या वाजतात, फिल्टर चालतो, सिक्वेन्सरही चालतो. अडचण फक्त सुराची आहे.

खालची पांढरी १ (सी) ट्यून नॉबने बरोबर लावली की मधली पांढरी १ बारा सेंट (सप्तकाचे १२०० सेंट) उतरलेली येते आणि सगळ्यात वरची तेवीस-चोवीस सेंट. ३२ पट्ट्यांत तीनच पांढरी १ आहेत, म्हणून पुढचं रेंजच्या खटक्याने तपासलं (१६, ८, ४, २ फूट: आकडा निम्मा झाला की सूर एक सप्तक वर). एकच पट्टी दाबून ठेवली आणि १६ फुटांवर सूर बरोबर लावला. मग ८ वर बारा सेंट कमी, ४ वर चोवीस आणि २ वर एकदम सत्तेचाळीस. हे सगळं अर्धा तास चालू ठेवल्यानंतरचं आहे. सुरुवातीची वीसेक मिनिटं सूर हळूहळू सरकतो आणि मग थांबतो. जुन्या ॲनालॉग वाद्याचं ते चालायचंच, त्याबद्दल तक्रार नाही.

मला हा घरच्या हार्मोनियमबरोबर वाजवायचा आहे. पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लावून यावर मींड फार सुंदर येते, पेटीवर ती काढताच येत नाही. पण पेटीचे सूर पक्के असतात. खालचं सप्तक जुळवलं की वरचं बेसूर होतं, वरचं जुळवलं की खालचं चढतं.

एका दुरुस्तीवाल्यांना दाखवला. त्यांनी उघडून पाहिलं आणि ऑसिलेटरची, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागाची चिप सीईएम३३४० गेली असं सांगितलं. ती बदलायची माझी तयारी आहे, पण खात्री झाल्याशिवाय चाळीस वर्षांच्या बोर्डवर सोल्डरिंग गन लावू द्यायला मन होत नाही.

आणखी दोन गोष्टी. एप्रिलच्या दुपारी आणि पहाटेच्या गारव्यात, दोन्ही वेळा सप्तकामागे फरक बाराच सेंट येतो. आणि तानपुऱ्याबरोबर वाजवला तर जवळच्या जवळ, त्याच सप्तकातला गंधारसुद्धा चढा वाटतो. हा वेगळा दोष आहे का?

प्रतिसाद

आधी गंधाराचं, कारण तो दोष नाही. सिंथच्या पट्ट्या समान अंतराच्या आहेत, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ च्या आसपास असतो. हा चौदा सेंटचा फरक तुमच्या पेटीवरही ऐकू येईल. कुठलाही ट्रिमर फिरवून तो जाणार नाही, तेव्हा जुळवणी करताना तानपुरा बंद ठेवा आणि फक्त ट्यूनर बघा.

आता मुख्य प्रश्न. चिप गेली आहे असं मला अजिबात वाटत नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच दिला आहे.

या वाद्यात १ व्होल्टला १ सप्तक असा हिशेब आहे. व्होल्टेज सारखं वाढत जातं, पण वारंवारता दर सप्तकाला दुप्पट व्हायला हवी. हे रूपांतर ट्रान्झिस्टर करतो: त्याच्या बेस-एमिटरमध्ये साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट होतो. मात्र हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. एका अंशाला सुमारे ०.३३ टक्के, म्हणजे सप्तकामागे चार सेंट. भरपाई नसती तर पहाट आणि दुपार यांच्यातल्या दहा अंशांच्या फरकाने तुमचं सप्तक चाळीस सेंटनी हललं असतं. सीईएम३३४० मध्ये ही भरपाई चिपच्या आतच आहे, आणि तुमचा आकडा दोन्ही वेळा बाराच येतो. म्हणजे भरपाई शाबूत आहे. गेलेली चिप इतकी नियमित चूक करत नाही.

बाराशेत बारा म्हणजे नेमका एक टक्का. पट्ट्यांनी सप्तक बदला किंवा रेंजच्या खटक्याने, चूक तीच येते. पट्ट्यांचं व्होल्टेज डिजिटल-ॲनालॉग कन्व्हर्टरकडून येतं आणि रेंजचं वेगळ्या रेझिस्टरांतून. दोन्ही वाटांवर एकाच वेळी एकसारखा बिघाड होणं फारच अवघड आहे. म्हणून दोष जिथे या वाटा एकत्र येतात त्याच्या पुढे, म्हणजे ऑसिलेटरच्या सप्तक-रुंदीत (एका व्होल्टला सूर किती चढतो त्यात) असावा. तिथला ट्रिमर, सर्व्हिस नोट्समधला 'विड्थ', जुना झालाय असा माझा अंदाज आहे. कोकणपट्टी असो की कृष्णाकाठ, इतके पावसाळे सोसलेल्या उघड्या कार्बन ट्रिमरची पट्टी काळवंडतेच.

तरी फिरवण्याआधी एक मोजणी करा. मागच्या सीव्ही आउटला (पट्ट्यांचं व्होल्टेज बाहेर देणाऱ्या जागेला) ३.५ मिमीची पिन लावून मल्टिमीटरवर तिन्ही पांढरी १ मोजा. दोन शेजाऱ्यांत १.००० व्होल्टचा फरक हवा. नेहमीचा साडेतीन अंकी मीटर इथे उपयोगाचा नाही: २० व्होल्टच्या रेंजवर त्याचा शेवटचा आकडा १० मिलिव्होल्टचा असतो, आणि १० मिलिव्होल्ट म्हणजे बारा सेंट. तुमची अख्खी चूक त्या एका आकड्यात लपेल. साडेचार अंकी मीटर मिळवा. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत असतो.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. भर एवढीच की मोजण्याआधी ॲडॅप्टर काढून सी साइजचे सहा सेल घाला. घरच्या ॲडॅप्टरमधली खरखर आणि चढउतार त्याने बाजूला पडतील. शिवाय बेंडरचा व्हीसीओ (म्हणजे ऑसिलेटर) स्लायडर आणि व्हीसीओचा मॉड स्लायडर दोन्ही पूर्ण शून्यावर हवेत, पोर्टामेंटो बंद हवा. बेंडरची दांडी जुनी झाली की मधोमध नीट परतत नाही आणि मग सूर कुठेच ठरत नाही.

धागाकर्ता

खूप आभार. गंधाराचं ऐकून जीव भांड्यात पडला.

सेलवरही आकडे तेच आले. साडेचार अंकी मीटर एका ओळखीच्या सरांकडून मिळाला. पहिल्या दोन पांढरी १ मधला फरक १.००० व्होल्ट, पुढचा १.००१. म्हणजे पट्ट्यांकडून येणारं व्होल्टेज चोख आहे आणि दोष ऑसिलेटरकडेच.

आतला ट्रिमर उघडाच आहे आणि त्यावर काळपट थर दिसतो. जागा खुणेने मार्क करून केसभर फिरवून पाहिला, सूर एकदम उडी मारतो आणि भलतीकडे जाऊन बसतो. पुण्याला जाणार आहे, तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून नवा आणेन. पण जुळवणी नेमकी कशी करायची? खालचा सूर बरोबर केला की ट्रिमर फिरवताना तोही हलतो.

प्रतिसाद

तो हलणारच. रुंदी बदलली की सगळेच सूर सरकतात, फक्त वरचे जास्त. म्हणून हे एका फेरीत होत नाही. खालची पांढरी १ ट्यून नॉबने लावा, वरच्या पांढरी १ चा फरक बघा, ट्रिमर थोडा फिरवा, पुन्हा खालची लावा, पुन्हा वरची बघा. फरक दर फेरीला कमी होत जातो. वाढला तर उलट दिशेने फिरवा.

ट्रिमर मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांत बारीक फिरणारा) सर्मेटचा घ्या, किंमत जुन्यावर छापलेलीच. जुना काढल्यावर त्याच्या मधल्या पायापासून दोन्ही टोकांचा रेझिस्टन्स मोजा आणि नवा तितक्यावरच लावून मग बसवा. सुरुवात जवळपासच्या जागेवरून होईल. झाकण उघडलं की आतली ऊब जाते, म्हणून उघड्यावर अर्धा तास चालू ठेवा, पंखा बंद करा आणि मगच सुरू करा. पेचकस प्लास्टिकचा.

२ फुटांवरच्या आकड्याकडे आत्ता लक्ष देऊ नका. हिशेबाने तिथे छत्तीस यायला हवे होते, तुमचे सत्तेचाळीस आहेत. हे जादा अकरा रुंदीचे नाहीत. या चिपमधल्या त्रिकोणी लाटेला दोन्ही टोकांना दिशा पलटायला थोडा वेळ लागतो. खालच्या सुरात तो वेळ जाणवत नाही, पण वरच्या सुरात एक आवर्तनच इतकं छोटं असतं की तेवढ्यानेही सूर उतरतो. खालची तीन सप्तकं १६, ८ आणि ४ वर जुळवा. २ फुटांवर काय उरतं ते नंतर बघू.

धागाकर्ता

नवा ट्रिमर बसला. १६ फुटांवर शून्य, ८ वर एक सेंट कमी, ४ वर दोन. पट्ट्यांवर तिन्ही पांढरी १ एका सेंटच्या आत आहेत. पेटीबरोबर यमन वाजवला, मंद्रापासून तारापर्यंत कुठेही खटकलं नाही. चिपला कुणी हात लावलेला नाही. इथे लिहिणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार.

२ फुटांवर मात्र अजून तेरा-चौदा सेंट उतरतो, म्हणजे ते जादा अकरा तसेच आहेत. सीईएम३३४० च्या सातव्या पिनेतून वरच्या सुरांची भरपाई करता येते असं वाचलं. एसएच-१०१ च्या बोर्डवर ही पिन कशी जोडली आहे आणि तिथे कुणी प्रत्यक्ष बदल केला आहे का? सर्किट आकृती हाताशी असलेल्यांनी कृपया सांगावं.