जीडीपी वाढला म्हणजे लोकांचं बरं चाललंय का?

जमाखर्च:
वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दीड वर्ष नोकरी सोडून मी घरी होतो, अंघोळ घालणं, कूस बदलणं, रात्री तीनला उठून औषध, सगळं केलं. देशाच्या हिशोबात त्याची किंमत शून्य. नंतर पगारी माणूस ठेवला, काम तेच, आणि लगेच जीडीपीत भर! हे हिशोब बसवणाऱ्या अर्थतज्ज्ञ कुझनेट्सनेच १९३४ ला अमेरिकन काँग्रेसला बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं कल्याण ठरवू नका. ऐकलं कुणी? भूतान निदान लोकांचं सुख मोजायला ३३ निर्देशक घेऊन बसलाय, त्यात झोपेचे तास पण आहेत.

तिरकस:
आलंच भूतान 😄 तिथून १९९० च्या आसपास लाखभर नेपाळीभाषक लोक बाहेर पडले, वर्षानुवर्षं कॅम्पात राहिले, त्यांचं सुख कुठल्या रकान्यात? आणि तो देशांची सुखावरून क्रमवारी लावणारा हॅपिनेस रिपोर्ट, ज्यात २०१८ पासून फिनलंड पहिला येतोय, त्यात रँक कशावरून लागतो तर एक शिडी डोळ्यासमोर आणा, खाली शून्य वर दहा, तुम्ही कुठल्या पायरीवर? संपलं. जन्मभर कमीत भागवलेला माणूस आरामात सात सांगेल, सगळं मिळालेला कुरकुरत पाच. अमर्त्य सेन हेच सांगत आलेत, माणूस हालाखीला सरावतो.

आडवाटसरू:
मग त्याच सेनना सोबत घेऊन पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हकनी १९९० ला एचडीआय म्हणजे मानव विकास निर्देशांक काढला की, आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. तिथे मूड विचारत नाहीत.

तिरकस:
उत्पन्न आहेच ना त्यात, फिरून तिथेच.

आडवाटसरू:
आहे, पण उत्पन्नाचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन, म्हणजे गरीब देशात वाढलेला पैसा जास्त मोजला जातो आणि श्रीमंत देशात तेवढाच पैसा नावापुरता. शिवाय २०१० पासून तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढतात, आधी साधी सरासरी होती, आरोग्याची बोंब पैशाने सहज झाकता यायची, आता तितकी नाही येत.

तिरकस:
हे माहीत नव्हतं, मान्य. तरी न्यूझीलंडने २०१९ ला वेलबीइंग बजेट, म्हणजे लोकांच्या कल्याणावर बेतलेलं बजेट काढून मानसिक आरोग्याला भरपूर पैसे दिले ते आले कुठून? करातून. कर कशावर? कमाईवर.

जमाखर्च:
कमाई नको असं म्हणालोच नाही हो मी. ती दीड वर्षं कुठेतरी लिहिली जावीत एवढंच, भले पैशात नाही तर तासांत लिहा.