मदत हवी आहे: जॅब आला की डोळे मिटतात

गल्लीतल्या जिममध्ये हौस म्हणून बॉक्सिंग करतो. बॅगवर, पॅडवर सगळं ठीक जमतं. पण स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाची लढत) उभा राहिलो की समोरून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) येताच डोळे आपोआप मिटतात, हनुवटी वर जाते आणि मागोमाग येणारा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) दिसतच नाही. १६ औंसाचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, माउथगार्ड सगळं असतं. (हेडगार्डने कातडी फाटणं वाचतं, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही, हे ठाऊक आहे.)

सर म्हणतात, राउंड वाढव, सवय होईल. मला नाही पटत. अशाने मार खायचीच सवय लागेल!

फक्त जॅबचं, हलक्या हाताचं स्पारिंग करून कुणाचं हे सुटलंय का? ३ मिनिटांच्या राउंडमध्ये जोर किती ठेवायचा? आणि नजर कुठे, ग्लोव्ह्जवर की छातीवर?