पात्रांमधला विश्वास कागदावर कसा उभा करता? (अनुभव धागा)

धागाकर्ती

"त्याच्यावर कोणीतरी विश्वास टाकला आणि तो बदलला." कथेचा गोषवारा सांगताना हे एका वाक्यात उरकतं. लिहायला बसलं की मात्र नेमका हाच बदल खोटा वाटू लागतो. माणूस भीतीने बदलला, अपमानाने बदलला, हे वाचक चटकन मान्य करतो. विश्वासाने बदलला म्हटलं की पुरावा मागतो. हा पुरावा प्रसंगांत कसा पेरायचा, याबद्दल लिहिणाऱ्यांनी आणि संपादन करणाऱ्यांनी आपापली कामाची रीत इथे सांगावी. कुठला प्रसंग कुठे ठेवता, केवढा ठेवता, काय फसतं, का फसतं, असं नेमकं लिहा.

सगळ्यांना एकाच गोष्टीवर बोलता यावं म्हणून एक प्रसंग देते. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्या तीव्र वेदनाशामक गोळ्या कुलूपबंद कपाटात असतात. धाकटा भाऊ त्याच गोळ्यांच्या व्यसनातून नुकता बाहेर पडलाय. थोरल्या बहिणीला एका रात्रीसाठी बाहेरगावी जावं लागतं आणि ती कपाटाची किल्ली त्याच्या हातात देते.

कथालेखक

या प्रसंगात मी आधी बहिणीला दुसरा पर्याय देईन. शेजारीण रात्री येऊन गोळी देऊ शकते, तसं तिने कबूलही केलंय. पर्यायच नसेल तर किल्ली देणं हा नाइलाज ठरतो आणि नाइलाजाने दिलेल्या गोष्टीने समोरचा माणूस हलत नाही. दुसरं, बहिणीला व्यसनाची पूर्ण माहिती हवी. तिला अर्धवट ठाऊक असेल तर तो भाबडेपणा झाला. तिसरं, फसलं तर नुकसान तिचं किंवा वडिलांचं व्हायला हवं, नुसतं भावाचं नव्हे. चौथं, दिलेली गोष्ट रात्रभरात परत घेता येऊ नये. या चारांतलं एक जरी निसटलं तरी प्रसंग हळवा होतो, पण त्याला वजन येत नाही.

लांबीचं म्हणाल तर तीन हजार शब्दांच्या कथेत किल्ली पहिल्या हजार शब्दांच्या आसपास हातात पडावी. त्याआधी ती दोनदा दिसलेली असावी: एकदा बहिणीच्या गळ्यात, एकदा ती झोपलेली असताना उशीखाली. दोन्ही वेळा भाऊ पाहतो आणि काही बोलत नाही. देण्याचा प्रसंग दीडशे ते दोनशे शब्दांत संपवावा. तो जितका लांबतो तितकी बहीण समजावणीच्या सुरात बोलायला लागते.

खरी जागा रात्रीला द्यायची, निदान आठशे शब्द. इथे भावाने कपाट उघडलंच पाहिजे, कारण वडिलांना गोळी द्यायची आहे. मोह टाळायला त्याला कपाटापासून लांब ठेवणं ही पळवाट आहे. आता बदल कशामुळे होतो ते ठरवायचं. बहीण रोज खोक्यावर पेन्सिलने शिल्लक गोळ्यांचा आकडा लिहिते, हे आधी दाखवून ठेवायचं. त्या रात्री तो खोकं हातात घेतो तर कालचा आकडा खोडलेला आहे आणि नवा लिहिलेलाच नाही. तिने मोजलेल्याच नाहीत. एक कमी झाली तरी कोणाला कळणार नाही. मोह सगळ्यात मोठा आणि विश्वास सगळ्यात स्पष्ट, दोन्ही एकाच क्षणी, एकाच खोक्यावर. यानंतर त्याच्या मनात काय चाललंय ते सांगायला जाऊ नये.

कादंबऱ्यांची संपादक

वरच्या प्रतिसादातल्या खोडलेल्या आकड्याला माझं पूर्ण अनुमोदन. पण कादंबरीत एका रात्रीत बदल आटोपला तर पुढची दोनशे पानं काय करायची, हा प्रश्न येतो. हस्तलिखितांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच असते: प्रकरण सातमध्ये विश्वास टाकला, प्रकरण आठमध्ये माणूस सुधारला.

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (1862) या कादंबरीतला बिशप आणि चांदीच्या भांड्यांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. तुरुंगातून सुटलेला ज्याँ व्हालज्याँ बिशपकडची भांडी चोरतो, पकडला जातो, बिशप पोलिसांसमोर "ही तर मीच दिली होती" म्हणतो, वर दोन मेणबत्तीदाण्याही देतो. लोक त्याच्या लगेच पुढचं विसरतात. तिथून निघालेला ज्याँ व्हालज्याँ वाटेत एका लहान मुलाचं चाळीस सूचं (सू म्हणजे जुनं फ्रेंच चलन) नाणं पायाखाली दाबून ठेवतो, पोराला हाकलून देतो. एकोणीस वर्षं तुरुंगात घडलेली सवय विश्वासानंतरही एकदा हात चालवते, आणि त्या चोरीनंतरच तो कोसळतो. विश्वास आणि बदल यांच्यामध्ये हा एक पराभव ठेवल्यामुळे पुढचं सगळं पटतं. म्हणून लेखकांना मी सांगते की विश्वास टाकल्यानंतर पात्राला एकदा घसरू द्या. घसरण विश्वास टाकणाऱ्यासमोर नको, तिसऱ्याच कोणाशी हवी, आणि ती आधीच्या गुन्ह्यापेक्षा लहान पण जास्त लाजिरवाणी हवी.

दुसरं काम तक्त्याचं. पाच रकाने करा: प्रकरण, कोणी कोणावर, काय सोपवलं, फसलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं, आणि याची कसोटी पुढे कुठे लागते. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत मुख्य दोन पात्रांमध्ये अशा पाच ते सात नोंदी पुरतात. तक्ता भरला की दोष आपोआप वर येतात. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तो विश्वास शोभेचा आहे. चौथा रकाना सगळीकडे सारखाच असेल तर जोखीम वाढतच नाहीये. आणि दुसऱ्या रकान्यात दिशा एकच असेल, म्हणजे टाकणारा कायम तोच आणि घेणारा कायम तोच, तर टाकणारा हळूहळू संत होतो आणि वाचक त्याच्यापासून दूर जातो. निदान एकदा उलट्या दिशेने काहीतरी सोपवलं गेलं पाहिजे. किल्लीच्या कथेत बहिणीलाही भावावर विसंबावं लागेल अशी तिची स्वतःची एखादी लपवलेली गोष्ट हवी.

शेवटचं, फाइलमध्ये 'विश्वास', 'भरवसा', 'खात्री' हे शब्द शोधा. सोपवण्याच्या प्रसंगात यातला एकही संवादात आला असेल तर तो काढून प्रसंग पुन्हा वाचा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडलं, तर कृती अपुरी आहे असं समजा आणि कृती वाढवा.

नाट्यलेखक

रंगमंचावर आमच्याकडे मनातलं सांगायची सोय नाही, त्यामुळे सगळं अंतर, पाठ आणि वस्तू यांवर. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पात्र पाठ करत नाही. पहिल्या अंकात बहीण भावाला सतत नजरेच्या टप्प्यात ठेवते, फोनवर बोलतानाही. दुसऱ्या अंकात ती त्याच्याकडे पाठ करून बॅग भरते. किल्ली टेबलावर असते. प्रेक्षकाला एवढं पुरतं.

संवादात मराठीने एक देणगी दिलीय ती वापरा. "आम्ही सांभाळू बाबांचं" आणि "आपण सांभाळू बाबांचं" यांत अख्खं नातं बदलतं. पहिल्या अंकभर बहिणीच्या तोंडी 'आम्ही' ठेवा, म्हणजे ती आणि तिचा नवरा, भाऊ बाहेर. 'आपण' फक्त एकदा, एखाद्या साध्या कामाच्या वाक्यात यावं: "आपण उद्या गादी उन्हात टाकू." भावाने त्यावर काही म्हणू नये, फक्त हातातलं काम क्षणभर थांबावं. अनोळखी पात्रांमध्ये 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचंही तसंच. भावनेने भिजलेल्या वाक्यात तो बदल घातला की प्रेक्षकाला लेखक दिसतो.

लेखन शिकवणारा

पायरी-पायरीने विश्वास वाढवायचा असेल तर अर्थशास्त्रातला एक प्रयोग उपयोगी पडतो. 1995 मध्ये बर्ग, डिकहॉट आणि मॅककेब यांनी तो प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांना प्रत्येकी 10 डॉलर. पहिल्याने त्यातले हवे तेवढे दुसऱ्याकडे पाठवायचे, वाटेत ती रक्कम तिप्पट होते, आणि दुसऱ्याने परत काही द्यायचं की नाही हे पूर्ण त्याच्या मर्जीवर. पुन्हा भेट नाही, ओळख नाही. निव्वळ हिशोब पाहिला तर पहिल्याने काहीच पाठवू नये. प्रत्यक्षात 32 पैकी 30 जणांनी काही ना काही पाठवलं, सरासरी साधारण निम्मं. परत आलेली सरासरी मात्र पाठवलेल्या रकमेपेक्षा थोडी कमीच होती.

कथेला यातून दोन गोष्टी मिळतात. 'तिप्पट होणं' कथेतही लागतं: सोपवलेली गोष्ट घेणाऱ्याच्या हातात गेल्यावर मोठी झाली पाहिजे. बहिणीसाठी किल्ली म्हणजे एका रात्रीची सोय. भावासाठी ती घरातली जागा परत मिळणं. दोघांसाठी किंमत सारखीच असेल तर तो नुसता व्यवहार होतो आणि त्यातून कोणी बदलत नाही. दुसरी गोष्ट, टाकणाऱ्याला फायदा व्हायलाच हवा असं नाही. शेवटी बहिणीला बक्षीस देण्याची घाई लेखकांना फार असते. तिला तोटा झाला आणि तरी तिने पुन्हा किल्ली दिली, तर कथा जास्त खोल जाते.

रहस्यकथाकार

आमच्याकडे विश्वास मोडण्यासाठीच उभारतात, म्हणून थोडं वेगळं. दगा द्यायच्या पात्राने त्याआधी किमान दोन कसोट्या खऱ्याखुऱ्या पार पाडलेल्या असाव्यात, आणि त्यातल्या एकीत त्याचं स्वतःचं नुकसान झालेलं असावं. दगा उघड झाल्यावर पुष्कळ लेखक खुलासा करतात की आधीचं सगळं नाटक होतं. तिथे वाचक चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याने ज्यात जीव गुंतवला ते सगळंच एका फटक्यात पुसलं जातं. त्यातली एक कृती तरी खरी ठेवा. ज्याने मनापासून वाचवलं त्यानेच पुढे विकलं, यातलं दुःख मोठं असतं. दग्याचं कारणही नवं आणू नका. कर्ज, लाज, मुलाचा आजार, जे असेल ते पहिल्या तृतीयांशातच वाचकाच्या डोळ्यांसमोर हवं, फक्त दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी आलेलं.

पुराणकथांवर लिहिणारी

इथे सगळे विश्वासाने माणूस सुधारतो हे गृहीत धरून बोलताहेत. मला ते अपुरं वाटतं. महाभारतात कर्णाला भर सभेत कुळ विचारलं जातं, तो खाली मान घालतो, आणि त्याच क्षणी दुर्योधन त्याला अंगदेशाचं राज्य देतो. दुर्योधनाचा त्यात स्वार्थ आहे, त्याला अर्जुनासमोर उभा राहील असा योद्धा हवाय. तरीही कर्ण त्याने आमूलाग्र बदलतो. पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं सत्य सांगतो, थोरला पांडव म्हणून राज्य मिळेल म्हणतो, आणि कर्ण नाही म्हणतो. ज्याने सगळ्यांदेखत हात धरला त्याला तो सोडू शकत नाही, आणि आपली बाजू हरणार हे तर तो कृष्णाजवळ स्वतःच बोलून दाखवतो.

लिहिणाऱ्याने यातून वेळ उचलावी. विश्वास अपमानाच्या आधी टाकला असता तर तो उपकार ठरला असता. अपमानाच्या ऐन क्षणी, साक्षीदारांसमोर टाकला म्हणून तो आयुष्यभराचं बंधन झाला. साक्षीदार किती आणि कोण, हे प्रत्येक वेळी ठरवून लिहा. एकांतात टाकलेला विश्वास माणसाला आतून सैल करतो, चारचौघांत टाकलेला त्याला बांधतो. तुमच्या किल्लीच्या कथेत बहिणीने ती नातेवाइकांसमोर दिली तर वेगळीच कथा होईल, आणि ती भावाला कदाचित झेपणार नाही.

बालसाहित्य लिहिणारी

थोडक्यात लिहिते. आठ-दहा वर्षांच्या वाचकासाठी सोपवलेली गोष्ट हातात धरता येईल अशी हवी: पिल्लू, डबा, चिठ्ठी. कसोटी त्याच प्रकरणात किंवा पुढच्याच प्रकरणात लागावी. आणि मोठ्या माणसाने मुलावर विश्वास टाकण्यापेक्षा मुलाने मोठ्यावर टाकलेला विश्वास जास्त काम करतो, कारण मूल आधी लहानसं गुपित सांगून पाहतं, ते फुटलं नाही तरच मोठं सांगतं. या दोन गुपितांमध्ये दोन प्रकरणांचं अंतर ठेवा. लहान गुपित फुटलं नाही, हे मुलाला कुठून तरी कळण्याचीही सोय करावी लागते. ती बरेच जण विसरतात.

धागाकर्ती

एक शंका. किल्ली देण्याचा क्षण कोणाच्या नजरेतून लिहावा? बहिणीच्या की भावाच्या?

कथालेखक

भावाच्या. बहिणीच्या डोक्यात शिरलं की तिची कारणं सांगावी लागतात, आणि कारणं आली की तिने तोलूनमापून निर्णय घेतला असं दिसतं. भावाला कारण माहीत नसणं हेच त्याला रात्रभर जागं ठेवतं.

कादंबऱ्यांची संपादक

कथेत हे पटतं. कादंबरीत मात्र बहिणीची बाजू कधीतरी लागेल, ती उशिरा द्यावी, घसरणीच्या नंतर. आणि तेव्हाही "मला माहीत होतं तू नीट वागशील" असं तिच्या तोंडी घालू नका. तिला माहीत नव्हतं. ती बसमध्ये रात्रभर जागी होती, दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला, असं लिहा. तिची भीती कायम राहिली तरच किल्ली देण्याला अर्थ राहतो. हे लिहून झालं की सुरुवातीचं देण्याचं दृश्य पुन्हा तपासा. तिथे ती फार शांत, फार ठाम लिहिली गेली असेल. एखादी लहान खूण तिथे नेऊन ठेवा: किल्ली देताना तिने ती दोऱ्यातून सोडवायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला, एवढी पुरे.